उंच केलेल्या गाडीला शॉकअप कोणता?

दक्षिण रायगडात उंच केलेली गाडी आता नवलाची राहिलेली नाही. थार, जिम्नी, गुरखा या गाड्या हौसेने चढवल्या जातात, इसुझूची व्ही-क्रॉस हौसेसाठी आणि कामासाठीही, आणि बोलेरो पिकअपला मागे जो जास्तीचा पाटा घातला जातो तो निव्वळ पोटापाण्यासाठी. तळा तालुक्याचा भूगोलच तसा आहे. एका अंगाला मुंबई-गोवा महामार्गावरचे इंदापूर, दुसऱ्या अंगाला मांदाड आणि कुड्याच्या लेण्यांपर्यंत आत शिरलेली राजपुरीची खाडी, मधे तळगडाचा डोंगर आणि त्याच्या सोंडांवरून चढत-उतरत जाणारे वाड्यांचे रस्ते. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. महामार्गाचा पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा रुंद करण्याचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि त्यानंतर कितीतरी पावसाळे इथल्या गाड्यांनी खड्डे, वळणरस्ते आणि उखडलेली खडी यांतच काढले. अशा जागी माणूस गाडी उंच करतो आणि पहिला प्रश्न विचारतो तो हा, की शॉकअप कोणत्या कंपनीचा टाकू? माझे म्हणणे असे की हा प्रश्न शेवटी विचारायचा आहे. गाडीवर वजन किती पडणार, चाकाला वर-खाली जायला जागा किती उरली, टायर केवढा घातला आणि बिघडल्यावर दुरुस्ती कुठे होणार, या चार गोष्टी आधी ठरल्या की कंपनीची नावे आपोआप दोन-तीनवर येतात. क्रम उलटा केला तर नामांकित शॉकअपसुद्धा वर्षभरात तेल सोडतो, आणि दोष बिचाऱ्या कंपनीला लागतो.

शॉकअपच्या कामाबद्दलच मुळात एक गैरसमज पक्का बसलेला आहे, तो आधी दूर करू. गाडीचे वजन उचलते ती स्प्रिंग, मग ती गुंडाळीची असो, पाट्यांची असो की टॉर्शन बार असो. शॉकअप वजन उचलत नाही. स्प्रिंग एकदा दबली की ती उसळणार, पुन्हा दबणार, पुन्हा उसळणार. ही उसळी दोन-एक हेलकाव्यांत थांबवणे हे शॉकअपचे काम. आत तेल असते, तेलात दट्ट्या असतो, दट्ट्याला बारीक भोके आणि पातळ पत्र्यांच्या झडपा असतात. चाक हलले की तेल त्या झडपांतून जोराने ढकलले जाते आणि हालचालीतली ताकद उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणूनच खराब रस्त्यावरून आलेल्या गाडीचा शॉकअप हाताला गरम लागतो. गॅस भरलेला शॉकअप बसवल्यावर गाडी किंचित वर आली असे लोक सांगतात, ते खोटे नाही, पण त्याचा हिशेब पाहावा. दट्ट्याचा दांडा १४ मिलिमीटर जाडीचा आणि आतला दाब २५ बार धरला, तर गॅस दांड्याला सुमारे ३९ किलोच्या जोराने बाहेर ढकलतो. दीड-दोन टनांच्या गाडीत एका कोपऱ्याला ३९ किलो म्हणजे अगदी थोडी उंची. उंची हवी असेल तर स्प्रिंग बदलायला हवी, आणि स्प्रिंग बदलली की शॉकअपचे गणित बदलते.

मुळात उंची हवी का, आणि कुठे हवी? बोलेरो पिकअपसारख्या गाडीला मागे अखंड एक्सल असतो आणि त्याच्या मधोमध डिफरन्शिअलचे हाउसिंग, जमिनीला सगळ्यांत जवळ. स्प्रिंग कितीही उंच केली तरी हे हाउसिंग एक मिलिमीटरही वर जात नाही, कारण ते चाकांना जोडलेले आहे, चेसिसला नाही. ते वर न्यायचा मार्ग एकच, मोठा टायर. २१५/७५ आर १५ च्या जागी २३५/७५ आर १५ घातला तर टायरचा व्यास सुमारे ३० मिलिमीटर वाढतो, म्हणजे हाउसिंग १५ मिलिमीटर वर येते. गाडीवाटेच्या मधे उभा राहिलेला दगड लागायचा असेल तर तो ५० मिलिमीटरच्या लिफ्टनंतरही तिथेच लागणार. लिफ्टने खरा फायदा होतो तो चेसिस, पायदान, गिअरबॉक्स आणि पुढच्या-मागच्या बंपरांच्या कोनाला; ओढ्याच्या काठावरून उतरताना नाक टेकत नाही, आणि मोठ्या टायरला मडगार्डमध्ये जागा मिळते. हा फायदा लहान नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात याच पट्ट्यात झाडे आणि खांब रस्त्यांवर आडवे झाले होते, तेव्हा ओंडक्यांवरून, फांद्यांवरून गाडी नेऊ शकणे याला अर्थ होता. २०२१ च्या जुलैत महाडच्या पुराने आणि तळियेच्या दरडीने तीच गोष्ट पुन्हा दाखवली. पण लिफ्ट केल्याने पाण्यात गाडी जास्त खोल चालते हा समज मात्र धोक्याचा आहे. इंजिनची हवा घेण्याची जागा आणि एक्सलच्या श्वासनळ्या कुठे आहेत यावर ते ठरते, आणि वाहत्या मोरीवर तर उंची असूनही गाडी ढकलली जाते.

आता शॉकअपच्या लांबीकडे येऊ. सगळ्या तुलनेत सगळ्यांत महत्त्वाची आणि सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट हीच आहे. हिशेबासाठी एक सोपे उदाहरण घेऊ. कंपनीचा शॉकअप पूर्ण बंद असताना ३४० मिलिमीटर आणि पूर्ण उघडा असताना ५४० आहे, आणि गाडी सपाट जमिनीवर उभी असताना त्याची लांबी ४४० आहे. म्हणजे चाकाला वर जायला १०० आणि खाली लटकायला १०० मिलिमीटर. आता स्प्रिंग बदलून गाडी ५० मिलिमीटर उंच केली आणि शॉकअप तोच ठेवला. उभ्या गाडीत तो आता ४९० वर उभा आहे. वर जायला १५०, पण खाली जायला फक्त ५०. गतिरोधकावरून चाक पलीकडे उतरते तेव्हा त्याला खाली जायला जागा हवी असते. ती ५० मिलिमीटरवर संपते, दट्ट्या आतल्या टोकावर आपटतो आणि ‘ठक्’ असा आवाज येतो. गाडी उंच केल्यावर मागून आवाज येतो अशी जी तक्रार असते, तिचे कारण बहुतेक वेळा हे असते. स्प्रिंग चाकाला खाली ढकलते आहे आणि शॉकअप दोरीसारखा त्याला धरून ठेवतो आहे. ज्या कामासाठी तो बनलेला नाही ते काम तो रोज करतो आहे. वरची नटबोल्टाची जागा, खालची डोळ्याची बुश आणि आतले सील हे तिन्ही मग एकेक करून जातात.

उपाय म्हणून लांब शॉकअप घातला, समजा बंद ३७० आणि उघडा ५९५. उभ्या गाडीत ४९० वर तो वर १२० आणि खाली १०५ देतो, छान. पण इथे दुसरा सापळा आहे. कंपनीच्या मांडणीत चेसिसखालचा रबरी ठोकळा, म्हणजे बंप-स्टॉप, शॉकअप ३५५ वर आला की एक्सलला अडवत होता. ३४० पर्यंत जाऊन दट्ट्या तळाला लागायच्या आत १५ मिलिमीटर आधी. नवा शॉकअप ३७० वरच संपतो. म्हणजे रबर लागायच्या १५ मिलिमीटर आधी शॉकअपचा तळ लागणार, आणि भरलेल्या गाडीचा सगळा दणका शॉकअपच्या नळीवर बसणार. बंप-स्टॉप निदान ३० मिलिमीटर खाली आणल्याशिवाय हा शॉकअप बसवणे म्हणजे तो मोडण्याची तयारी करणे. बंप-स्टॉपचा हा ठोकळा अगदी किरकोळ किमतीचा असतो. तो न घातल्यामुळे त्याच्या कित्येक पट किमतीचे शॉकअप वाया जातात. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाड्यांत आणखी एक मर्यादा येते, ती बॉल-जॉइंटची. २०१० ते २०२० या काळातल्या थारच्या सीआरडीई प्रकाराला पुढे टॉर्शन बार होता, आणि तो पिळून गाडीचे नाक वर करणे हा स्वस्तातला लिफ्ट सगळीकडे चालायचा. त्यात स्प्रिंगची ताकद वाढत नाही, फक्त चाक खाली लटकायची जागा संपते. २०२० च्या थारला पुढे गुंडाळीची स्प्रिंग आली, तरी चाक धरणाऱ्या वरच्या हाताचा (कंट्रोल आर्मचा) कोन आणि ड्राइव्ह शाफ्टचा कोन ५० मिलिमीटरच्या पुढे त्रास देतोच. हात किंवा बॉल-जॉइंट जिथे अडतो त्याच्या पलीकडे शॉकअप कितीही लांब असला तरी चाक तिथवर पोचत नाही.

लांबीनंतर वजन. पिकअपच्या बाबतीत मला हा सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत खरा प्रश्न वाटतो. आंबा, भात, विटा, सिमेंट, जांभ्याचे चिरे, कोळ्यांची बर्फाची पेटी, सगळे याच गाडीवर. बोलेरो पिकअपच्या मोठ्या प्रकाराची अधिकृत क्षमताच १,७०० किलो आहे. रिकाम्या गाडीत मागच्या एक्सलवर समजा ६०० किलो येतात आणि भरल्यावर २,०००. उसळी थांबवायला किती विरोध लागतो हे वजन आणि स्प्रिंगची ताकद यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळावर ठरते. स्प्रिंग तीच धरली तरी वजन ६०० वरून २,००० झाल्यावर विरोध १.८ पट लागतो. आणि भारात खालचा मदतनीस पाटा टेकून ताकद दुप्पट झाली असे धरले, तर तोच आकडा अडीच पटीच्या पुढे जातो. म्हणजे भरलेल्या गाडीला बेताचा असलेला शॉकअप रिकाम्या गाडीला दगडासारखा, आणि रिकाम्या गाडीला सुखाचा असलेला भरलेल्या गाडीला पाण्यासारखा. कुठल्याही कंपनीचा, कितीही किमतीचा, एकाच झडपेचा शॉकअप ही ओढाताण पूर्ण मिटवू शकत नाही. म्हणून आधी ठरवावे लागते की ही गाडी वर्षातले बहुतेक दिवस भरलेली चालते की रिकामी. भाड्याची गाडी जाताना भरलेली आणि येताना रिकामी असते. तिथे भरलेल्या गाडीची सुरक्षितता आधी आणि रिकाम्या गाडीचे सुख नंतर, असा माझा कौल आहे.

पाट्यांच्या गाडीत अजून एक गोष्ट घडते. पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घासण्यानेही उसळी दबते. कंपनी शॉकअप मवाळ देते त्यामागे हाही हिशेब असतो. खाडीची खारी हवा आणि पावसाळी चिखल यांनी पाटे गंजले की ते एकमेकांना चिकटतात. छोट्या खड्ड्यावर पाटा हलतच नाही, सगळा धक्का टायर आणि चेसिसवर जातो, आणि माणूस म्हणतो शॉकअप कडक झाले. पाटे सोडवून, घासून, त्यांच्या मधल्या पट्ट्या बदलून पुन्हा बांधले की निम्मा त्रास शॉकअपला हात न लावता जातो. उलट पाटा वाढवला की ताकद आणि घर्षण दोन्ही वाढतात, आणि कमी पानांचे पॅराबोलिक पाटे घातले की घर्षण घटते आणि शॉकअपवरचा भार वाढतो. शॉकअप किती कललेला आहे हेही बघावे. ४५ अंशांत कललेला शॉकअप उभ्या शॉकअपच्या तुलनेत चाकाला निम्माच विरोध देतो. चेसिसवर नवा कान वेल्ड करून शॉकअपची जागा बदलणारे मिस्त्री आहेत. तिथे आधीच कललेला शॉकअप आणखी १० अंश कलला तर नव्या झडपांचा बराच फायदा वाहून जातो.

एवढे ठरल्यावर मग प्रकारांची तुलना. साधा दुहेरी नळीचा शॉकअप सर्वत्र मिळतो. आतल्या नळीत दट्ट्या चालतो, बाहेरच्या नळीत जास्तीचे तेल आणि वर हवा किंवा कमी दाबाचा नायट्रोजन. फार वेगाने आणि फार वेळ हलला की तेलात हवा मिसळून फेस होतो आणि विरोध गळतो. बाहेरच्या नळीत वायूच्या जागी रबरी फोम भरून ऑस्ट्रेलियन कंपन्यांनी त्यावर तोडगा काढला. आयर्नमॅन आणि टफ डॉग यांचे फोम-सेल शॉकअप याच जातीचे. एआरबीचा ओल्ड मॅन ईमू नायट्रोचार्जर हा दुहेरी नळीचा, गॅसचा. दुसरी वाट फ्रेंच संशोधक ख्रिस्तियां बुर्सिए द कार्बों यांची. त्यांनी एकाच नळीत तेल आणि जास्त दाबाचा गॅस वेगळे ठेवले, मधे तरता दट्ट्या. त्याच कल्पनेवर जर्मनीच्या बिल्स्टाइनने १९५७ पासून मर्सिडीझसाठी उत्पादन केले. एकेरी नळीत दट्ट्या मोठा बसतो. ४६ मिलिमीटरचा दट्ट्या ३५ च्या तुलनेत क्षेत्रफळाने पावणेदोन पट, त्यामुळे तेवढ्याच कामाला आतला दाब कमी लागतो, आणि नळी थेट हवेला लागून असल्याने उष्णता लवकर निघते. बाहेरची वेगळी टाकी जोडलेले फॉक्स किंवा बिल्स्टाइनचे वरच्या दर्जाचे शॉकअप हे याच वाटेचे पुढचे पाऊल. रँचोचा आरएस ९००० बाहेरचा गुंडा फिरवून नऊ पायऱ्यांत कडक-मऊ करता येतो. आणि आपल्या घरचा पर्याय विसरू नये. १९६१ मध्ये स्थापन झालेली गॅब्रिएल इंडिया चाकणजवळ आणि नाशिकला शॉकअप बनवते, कंपन्यांनाच पुरवते, आणि तिचा माल तालुक्याच्या गावातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो.

कागदावर एकेरी नळी सरस ठरते, आणि बहुतेक तुलना तिथेच संपतात. पण कागद कुठल्या रस्त्यावर तयार झाला हे विचारायला हवे. मेक्सिकोतल्या बाहाच्या वाळवंटी शर्यती आणि ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातले शेकडो किलोमीटरचे लहरी मातीचे रस्ते, ही या शॉकअपांची तालीम. तिथे शत्रू आहे उष्णता: तासन्‌तास, वेगाने, न थांबता हलणारा दट्ट्या. तळ्याहून मांदाडला किंवा वाडीवर जाणारी पिकअप वेग घेऊच शकत नाही. फेरी लहान, मधे थांबे, पावसाळ्यात तर चाकांवर थंड पाण्याचा मारा. इथे शॉकअप तापून दमला म्हणून निकामी झाला असे क्वचितच होईल. इथले शत्रू तीन. पहिला दगड: एकेरी नळीची भिंत म्हणजेच दट्ट्याची वाट, तिला टोकदार खडीचा एक पोचा पडला की दट्ट्या तिथे अडकतो आणि शॉकअप संपला, दुहेरी नळीत बाहेरच्या भिंतीला पोचा पडला तरी आतली शाबूत राहते. दुसरा खारा वारा: दांड्यावरच्या क्रोमवर गंजाचे टिपके उठले की तो खडबडीत दांडा प्रत्येक हालचालीला सील कापत जातो. जास्त दाबाच्या गॅसवर सील थोडे जरी फाटले तरी गॅस आणि तेल दोन्ही जातात. तिसरा लाल चिखल: दांड्यावर घातलेल्या रबरी पिशवीत तो साठतो आणि ओला राहतो, मग संरक्षणासाठी घातलेली पिशवीच गंज वाढवते. म्हणून इथे पिशवीपेक्षा धातूचे उघडे झाकण बरे, आणि पावसाळ्यात दर काही दिवसांनी दांडे गोड्या पाण्याने धुणे त्याहून बरे. या कारणांनी तळा-म्हसळा-मुरूड पट्ट्यातल्या कामाच्या गाडीला जाड दांड्याचा, दुहेरी नळीचा शॉकअप, जमल्यास फोम-सेल, ही मी पहिली पसंती मानतो. माणगावहून ताम्हिणी घाटाने पुण्याला वारंवार, वेगाने, भरलेली गाडी नेणाऱ्याचे गणित वेगळे असू शकते; तिथे एकेरी नळीला अर्थ आहे, पण नळी खाली ठेवून दगडाच्या तोंडी देण्याऐवजी संरक्षक पत्रा लावावा.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की कडक शॉकअप म्हणजे मजबूत गाडी. वळणावर डोलत नाही, ब्रेकला नाक खुपसत नाही. वळणाच्या बाबतीत यात तथ्य आहे, उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर गेलेला असतो आणि तिला आवर हवाच. पण खराब रस्त्यावर कडकपणाचे वेगळेच फळ मिळते. दांडा बाहेर येतानाचा विरोध सहसा आत जातानाच्या विरोधाच्या दीड ते तीन पट ठेवलेला असतो. तो आणखी वाढवला, तर एका खड्ड्यानंतर चाक पूर्ण खाली यायच्या आत दुसरा खड्डा येतो, मग तिसरा. प्रत्येक वेळी स्प्रिंग थोडी दबलेलीच राहते आणि गाडी हळूहळू खाली बसत जाते. शेवटी उंच केलेली गाडी बंप-स्टॉपवर चालू लागते. शिवाय चाक जमिनीवरून सुटते आणि सुटलेल्या चाकाला ना ब्रेक लागतो ना वळण. कडकपणा कमी पडतो आहे की जास्त झाला, हे टायर आणि गाडीची चाल सांगते: टायरच्या कडेने हात फिरवल्यावर चढ-उतार लागले, म्हणजे मऊ शॉकअपमुळे चाक नाचते आहे, गाडी छोट्या खड्ड्यांवर आडवी सरकते, म्हणजे कडक झाला.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो: कंपनीने दिलेला शॉकअप काय वाईट, बदलायचा कशाला? उंची, वजन आणि टायर यांपैकी काहीच बदललेले नसेल तर खरोखर बदलू नये. जुना गेला असेल तर तोच नवा टाकावा, आणि एका एक्सलवरचे दोन्ही एकदम. पण स्प्रिंग २५ टक्के ताकदवान घातली की विरोधही सुमारे १२ टक्के जास्त लागतो, आणि जड टायर घातला की उसळणारे चाकाचे वजनच वाढते. तिथे कंपनीचा शॉकअप कमी पडणारच. फिरवून कडक-मऊ करता येणाऱ्या शॉकअपबद्दल तिसरा आक्षेप असतो, की हा सगळ्यांवरचा उतारा आहे. भाड्याच्या पिकअपला तो तत्त्वतः सर्वांत योग्य, कारण भरल्यावर कडक आणि रिकामी असताना मऊ करता येतो. व्यवहारात चालक फेरीगणिक गाडीखाली हात घालत नाही आणि चिखलाने गुंडा घट्ट बसतो. जो नेमाने फिरवेल त्यानेच घ्यावा. महाग शॉकअप जास्त टिकतो, हा चौथा युक्तिवाद दुरुस्तीच्या प्रश्नाशी जोडून पाहावा. महाग एकेरी नळीचे शॉकअप उघडून, सील-तेल बदलून पुन्हा गॅस भरता येतात हे त्यांचे मोठे बळ. पण त्याला नायट्रोजनचा योग्य दाब, नेमके सील आणि सराईत हात लागतो, आणि ती सोय मोठ्या शहरांत असते. पावसाळ्यात काढून पाठवलेला शॉकअप परत येईपर्यंत गाडी उभी राहणार असेल, तर भाड्याच्या गाडीला ती टिकाऊपणाची किंमत परवडत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात पण टाळता येणार नाही अशी. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहेत. झिजलेला शॉकअप बदलणे हे दुरुस्तीचे काम आहे, चेसिसला नवे कान वेल्ड करणे आणि गाडी हातभर चढवणे हे नाही. अपघातानंतर विमा कंपनी नेमके तिकडे बोट दाखवते. सुरक्षिततेच्या अंगानेही ५० मिलिमीटर ही शहाणी मर्यादा आहे. त्यापुढे ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातो, प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा कोन वाढतो, अखंड एक्सलच्या गाडीत कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन) कमी होऊन स्टिअरिंग थरथरते, आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण पावसाळी रात्री इंदापूर-तळा रस्त्यावर समोरून येणाऱ्या मिनीडोर रिक्षावाल्याच्या दृष्टीने तोच सगळ्यांत मोठा आहे. लिफ्ट केल्यावर हेडलाइट खाली करून घेणे हे दहा मिनिटांचे काम आहे.

बदलल्यानंतर पारख कशी करायची? बंपर दाबून सोडणे ही जुनी रीत शॉकअप पूर्ण मेलेला असेल तरच कळवते. अर्धा गेलेला त्यात सापडत नाही. त्याऐवजी तोच रस्ता, तोच वेग, तेच वजन ठेवून जुना आणि नवा पाहावा, एकदा रिकाम्या आणि एकदा भरलेल्या गाडीने. पंधरा-वीस मिनिटे खराब रस्ता झाल्यावर चारही शॉकअपांना हात लावावा, जपून, कारण चटका बसू शकतो. एका एक्सलवरचे दोन्ही साधारण सारखे गरम हवेत. एखादा गार असेल तर तो कामच करत नाही. दांड्यावर तेलाचा पातळ ओलावा चालतो, पण नळीवरून खाली ओघळलेले तेल आणि त्यावर चिकटलेली लाल माती म्हणजे सील गेले. पहिल्या काही फेऱ्यांनंतर आणि पुन्हा महिन्याभराने बुश आणि यू-बोल्ट आवळावेत. नव्या पाट्यांवरचे यू-बोल्ट पहिल्या फेऱ्यांतच सैल होतात, आणि त्यातून एक्सल सरकण्याचा धोका असतो.

तेव्हा भार वाहणारी पिकअप असेल तर उंची वाढवू नका. पाटे दुरुस्त करा, बंप-स्टॉप बघा आणि भाराला साजेसा दुहेरी नळीचा शॉकअप टाका. थार-जिम्नीसारखी गाडी असेल तर ५० मिलिमीटरवर थांबा. स्प्रिंग आणि शॉकअप एकाच निर्मात्याच्या एकाच संचातले घ्या, कारण त्यांची झडप त्या स्प्रिंगसाठीच बांधलेली असते. आणि दुकानात जाऊन नाव विचारण्याआधी तीन आकडे मागा: बंद लांबी, उघडी लांबी आणि कोणत्या वजनासाठी झडप बांधली आहे ते. हे तीन आकडे सांगता येत नसतील अशा ठिकाणी शॉकअप घेऊ नका.